टाको

पणजीहून आले ती सुजलेलं तोंड घेऊन.
दहा दिवस पेजेची निवळ, स्ट्रॉने.
ळ गेला होता. ण अर्धा.
'मासळी' म्हणायला गेलं की नुसती हवा.

आई आडाळ्यावर सुरमय कापत होती.
"जिभेक हाड नाय म्हणतत,
म्हणान काय कापूची?"
मग दिवसभर बोलली नाही,
तिची अख्खी असून.

नागपंचमीला नाक्यावरच्या पोरांनी
वाटीभर लाह्या आणून ठेवल्या दारात.
मी खाल्ल्या. खारट होत्या थोड्या.

पप्पा पडवीत जाळं सांधत होते.
म्हणाले, आ कर.
कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
मोबाइलची बॅटरी मारली,
दोन्ही कडा बघत राहिले
दगडाला लागून फाटलेला पट्टा बघावा तशा.
"दोरो खंयचो गो?"
विरघळणारा, म्हटलं.
"हां. टाको बरो घातल्यान."

काल ळ आला.
उजवं टोक टाळूला लागतं,
डावं तेवढा वेळ दातांशी
चपला काढून थांबल्यासारखं.
"जाळं," म्हटलं मोठ्याने, पडवीत.
पप्पांना वाटलं, मागतेय.
वर न बघता
एक टोक माझ्याकडे सरकवलं.