सावल्या बंद

धनकवडीत आमची खोली दहा बाय बारा.
तिच्यात झोपणं, जेवण, दादाचं अभ्यासाचं टेबल,
आईचं शिलाई मशीन
आणि रात्री साडेदहानंतर
माझा लॅपटॉप.

त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.
म्हणजे त्याला स्वतःची खोली नाही, पप्पा,
मी सांगितलं.
प्रोसेसरच्याच पोटात राहतो,
रॅमसुद्धा घरातलीच उसनी घेतो,
चित्र काढायला बसला की
बाकीच्यांना सरकून बसावं लागतं.

म्हणजे आपल्यातलाच, पप्पा म्हणाले
आणि चष्मा चढवून
लॅपटॉप पालथा घातला.

पद्मावतीच्या स्टँडवर सतरा वर्षं,
रिक्षाचं इंजिन स्वतः खोलणारा माणूस.
गेममध्ये गोळी मी आत्ता मारते
आणि लागते शेजाऱ्याच्या जेवणानंतर,
हे दुखणं त्यांना लगेच कळलं.
गरम होतंय. गरम झालं की ओढत नाही.
ह्यात कॉम्प्युटरचं काय आलंय?

दहा स्क्रू चहाच्या बशीत,
निघाले त्याच क्रमानं गोल मांडलेले.
दाढीचा जुना ब्रश.
पंख्याच्या पात्यांत दोरा निघाला, मोरपंखी,
मागच्या दिवाळीच्या ब्लाउजचा.
आई म्हणाली, शोधत होते मी तो.
वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली,
तांदळाच्या दाण्याएवढी,
जास्त नाही, पप्पा, जास्त नाही!
ग्रीसची सवय असलेला हात
श्वास रोखून थांबला.

रविवारी टिळक रोडला, ललवाणींच्या गाळ्यात,
वापरलेल्या रॅमची पट्टी. नऊशे.
पप्पांनी सातशेवर आणली,
बिल नाही, पंधरा दिवसांची तोंडी गॅरंटी.
जुनीच्या शेजारी नवी बसली
आणि सकाळी साडेसहाला
दोन्ही नळ एकदम सुटावेत तसं झालं.

उरलेलं काम माझं.
दादाचे चौदा टॅब बंद.
(तो ओरडला. ओरडू दे.)
चार्जर लावलेला, बॅटरीवर खेळायचं नाही.
रिझोल्यूशन खाली,
गवत विरळ,
पाण्यातलं प्रतिबिंब बंद,
लांबचे डोंगर धुरकट,
सावल्या बंद.

सतराचे अडतीस झाले.

कोपऱ्यातला हिरवा आकडा बघून पप्पा म्हणाले,
हा मीटर कसला?
एका सेकंदात किती चित्रं काढतो, त्याचा.
आणि भाडं?
पप्पा!

नऱ्ह्याहून वर्णिकाचा मेसेज,
प्रणोती, येतेस का, सगळे थांबलेत.
मी हेडफोन कानाला लावणार
तेवढ्यात त्यांनी विचारलं,
ह्या घोड्याला सावली का नाही गं?

बंद केली. सगळ्यात जास्त जोर
तिलाच लागतो.

ते काही बोलले नाहीत.
रिक्षाचा कपडा घडी करत राहिले,
उलगडला, परत घडी केला.
मग म्हणाले, पाच मिनिटं लाव ना.
मारामारी नको. नुसतं फिरवून आण.

वर्णिकाला लिहिलं, पाच मिनिटं.
सावल्या सुरू केल्या.
अडतीसचे चौदा.
झाडं जमिनीवर आडवी पसरली,
कमानीखाली काळोख भरला,
घोड्याच्या पायांशी दुसरा घोडा आला
आणि दोघं अडखळत,
थांबत,
एक पाऊल गिळत चालू लागले.

माऊस त्यांनी दोन बोटांत धरला होता,
हँडल धरतात तसा सैल.

अडकतंय, पप्पा. बंद करू?
असू दे.
रिकामी रिक्षा मी अशीच चालवतो,
कडेकडेनं.
उन्हाळ्यात तर मुद्दाम
झाडं असलेल्या बाजूनं.