डॉलर सोडून घ्या

रात्री पावणेदोनला उद्यमबागेतून फोन.
इराण्णा हुद्दार. फौंड्रीतला. तिसरी पाळी.
मागं कुठंतरी कास्टिंगवर हातोडा पडत होता,
मधेच थांबत होता, जणू तोही ऐकतोय.

"मॅडम, तुमी लिवलंय तसंच टाकलो की.
डॉलर सापडंना म्हणतंय."
मग जरा थांबून,
"आमच्याकडं रुपये चालतात, तेवढं सांगा त्याला."

हसलो दोघंही.
मी चष्मा शोधला, माझंच माहितीपुस्तक उघडलं,
पान एकवीस:
काळ्या चौकटीत पांढरी कमांड
आणि तिच्याआधी, उंबऱ्यावर बसल्यासारखं,
ते चिन्ह.

ते टाइप करायचं नसतं.
ते यंत्राचं असतं. बोला, ऐकतोय, एवढंच त्याचं म्हणणं.
हे मला ठाऊक. माझ्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक.
पुस्तकात कुठंच नव्हतं.

"डॉलर सोडून घ्या."
"सोडलो. आता 'तुमच्या फोल्डरचं नाव' असं म्हणून
फोल्डरच नाही म्हणतंय."
हातोडा पुन्हा थांबला.

येळ्ळूरची शाळा, तिसरीचा वर्ग, शुद्धलेखन.
बाई खिडकीकडं तोंड करून सांगायच्या:
आई बाजारात गेली स्वल्पविराम
तिने वांगी आणली पूर्णविराम.
वर्षाच्या मध्यात बैलहोंगलहून आलेली शिवलीला बडिगेर,
घरी कन्नड,
तिनं सगळं लिहिलं.
आई, बाजार, स्वल्पविराम, वांगी, पूर्णविराम.
घंटा होईपर्यंत आम्ही हसत होतो.
तिनं थुंकी लावून बोटानं पुसलं
आणि पाटीची सवय वहीला कुठली कळायला,
कागदाला भोक पडलं.

आज आठवतं ते वेगळंच:
तिचा स्वल्पविराम बरोबर होता.
स्व जोडलेला, वि ऱ्हस्व.
मला तो शब्द लिहिता आला नसता.
मी नुसतं शेपूट काढून मोकळी झाले होते.

इराण्णाचं काम सव्वादोनला झालं.
मला झोप आली नाही.
चहा ठेवला, फाइल उघडली, डॉलर मोजले. एकसष्ट.
एकेक काढत गेले, गव्हातले खडे काढावेत तसे.
यंत्राचं उत्तर कमांडीला चिकटून बसलं होतं,
त्याला वेगळी, फिकी चौकट दिली.
अवतरणचिन्हं कुणीतरी शोभेसाठी वाकवलेली,
यंत्राला असली वळणं समजत नाहीत, सरळ केली.
दोन ओळींत तुटलेली लांब कमांड एका ओळीत आणली.
फोल्डरला खरंच नाव दिलं, भट्टी३ असं,
आणि शेजारी लिहिलं: हे आमचं, इथं तुमचं घाला.
या गावात पाट्या दोन-दोन लिप्यांत लिहितात,
तरी माणूस पाटीखाली थांबून
कुणाला तरी विचारतोच.

एक डॉलर मात्र ठेवला. पान चाळीस.
तो कमांडीचाच होता, अवयवच.
त्याच्यावर बोट तीनदा गेलं
आणि तीनदा मागं आलं.

सकाळी ऑफिसात प्रज्योत म्हणाला,
"बोडकं दिसतंय ग. डॉलर असला की कसं,
जाणकाराचं काम वाटतं."
मी म्हटलं, वाटतं खरं.
आणि मोबाइल त्याच्यापुढं सरकवला.

सहाला, पाळी सुटताना, इराण्णानं फोटो पाठवला होता.
धुळकट पडदा, त्यावर हाताचा ठसा,
भट्टीचे आकडे खालपर्यंत नीट उतरलेले,
आणि सगळ्यांच्या शेवटी, रिकाम्या ओळीवर, एकटं
ते चिन्ह.

खाली लिहिलं होतं:
"काम झालं. पण ह्यो परत येऊन बसलाय.
ह्याचं काय करू?"

काही नको, मी लिहिलं.
बसू दे.