पत्ता

स्टेशनवर रिक्षावाल्याला सांग, चिमणीपाशी सोड.
चिमणी कधीच पाडली.
पण म्हातारा असला तर बरोबर तिथंच ब्रेक दाबेल.

किल्ला उजव्या हाताला ठेवून चाल.
तटात देवळाचा एखादा खांब दिसेल,
कोरलेली फुलं आडवी पडलेली.
कोणत्या सुलतानानं, कधी,
मला विचारू नकोस, इतिहासात मी दोनदा नापास.

पूर्व भागात शिरलास की टॉवेलांच्या मागांची खडखड,
आणि ओट्यावर राजमणी येमूल,
मांडीत विड्यांचं सूप.
आत तिचा नवरा
अजून पावणेसातला डबा मागतो,
भोंगा न वाजता.

तिला आमचं घर विचार.
सांगेल तेलुगूत,
हात मात्र करेल
आभाळातल्या त्या रिकाम्या जागेकडं.