नळी

पंख्यांचं दुकान माझं, मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्याला लागून.
ट्रॉलरचा पंखा वाकला की माझ्याकडे येतो,
पितळेचा, छातीएवढा, कालवं चिकटलेला.
असली वीतभर नळी घेऊन कोणी आलं नव्हतं.

मुनाफ सोलकर. जहाजावरून उतरून आठच दिवस झालेले.
म्हणाला, मिस्त्री, हिचा काळा रंग उडतोय,
सगळाच काढा, खालचं तांबं दिसू दे, आरशासारखं.
मी म्हटलं, हे काय, बासरी?
म्हणाला, वाफ ओढायची. धूर नाही.
मी तोंडातली विडी काढली, बघितली, परत ठेवली.
इकडे विकायला बंदी आहे म्हणे.
मी कुठे विकतोय, मी घासतोय.

सेल त्यानेच काढून खिशात टाकला.
दोन्ही टोपणं, बटण, रबराच्या बारीक रिंगा
सत्यवानने चहाच्या बशीत मांडून ठेवल्या.
उरली नुसती नळी.
तिच्यातून किल्ल्याकडे पाहिलं:
दीपगृह तेवढं आत मावलं, समुद्र बाहेर राहिला.

आट्यांना टेप. आटे घासले की वस्तू मेली.
रंगावर रिमूव्हर, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून अर्धा तास.
भाजल्या वांग्यासारखी साल सुटली

आणि सालीखाली रेघा.
खिळ्याने ओढलेल्या. चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी, नळीला वेढा घालून.
मोजल्या. सत्तेचाळीस.

त्याला दाखवल्या. तो बर्फाच्या गाडीकडे बघत राहिला.
‘नांगरावर पडून होतो. मालक पळालेला. पगार नाही, पाणी मोजून.
मग मोजायचाच कंटाळा आला.
जहाजाचा रंग होता डब्यात, मारला वरून.’
राहू देऊ?
‘आरशासारखं म्हटलं ना.’

पॉलिशपेपर चारशे नंबर, पाण्यातून, आडवा.
मग सहाशे, उभा,
म्हणजे आधीचे ओरखडे गेले की लपले ते कळतं.
पहिल्या दहा दिवसांना वेळच लागला नाही,
नखाने काढल्यासारखे ते.
विसाव्यापर्यंत सत्यवाननेच घालवले, एकीकडे मोबाइल बघत.
तिसाव्याला मला पुन्हा चारशेवर यावं लागलं.
पुढे पुढे हात जड झालेला.
चाळिशीनंतरच्या रेघांत
नुसता खिळा नव्हता, सगळा खांदा होता.
घमेल्यातलं पाणी लाल, माझी बोटं काळी.

शेवटच्या दोन जाईनात.
अजून घासलं तर भिंत पातळ होईल, आत सेल तापतो,
असं मी त्याला सांगितलं.
खरं होतं. अर्धं.

मग हजार, दोन हजार, कापडी चाक, हिरवा साबण.
चाकावर नळी इतकी तापली की फडक्यात धरावी लागली.
शेवटी घरून आणलेली कोकमाची सालं चोळली
आणि धुतली.
नुकत्या जन्मलेल्या पोराची टाच असते, तसं तांबं निघालं.

लॅकर मारू?
‘नको.’
खारी हवा आहे, चार दिवसांत काळवंडेल.
‘काळवंडू दे. घासत बसेन. तेवढा वेळ तरी
ओढणार नाही, बायको म्हणते.’

त्याने नळी हातात फिरवली. आरशात त्याचं नाक लांबट दिसलं.
अंगठा गोल फिरत गेला, गेला,
आणि त्या दोन रेघांवर अडला.
मला काही बोलला नाही. मीही
भिंतीच्या जाडीचं पुन्हा काढलं नाही.

पैसे दिले, वर डझनभर बांगडे.
तिथेच उभं राहून जोडली आणि एक झुरका सोडला.
हापूसचा फ्लेवर, म्हणाला.
मी रत्नागिरीचा, मला विचारू नका.

तो गेल्यावर बशीत बघतो तर एक रिंग राहिलेली.
दारात येऊन हाक मारली, दोनदा,
पण बर्फ फोडायचं मशीन सुरू झालं होतं.