दोन रकाने

सासूबाई गेल्या तेव्हा कपाटात साड्या कमी निघाल्या,
सहकारी बँकेच्या जुन्या डायऱ्या जास्त.
प्रत्येक पानावर पट्टीने आखलेली उभी रेघ,
डावीकडे विनंती, उजवीकडे उत्तर.

'यांची दारू सुटू दे.' मार्च सत्त्याऐंशी.
उजवीकडे काहीच नाही.
म्हणजे, दुधाचा हिशेब आहे: अर्धा, अर्धा, खाडा,
गॅसचा नंबर लावल्याची तारीख,
चर्चमध्ये फुलं द्यायची पाळी.
जागा रिकामी दिसली की त्या वापरून टाकायच्या.

आठ डायऱ्या उलटल्या मी, माझगावच्या त्या खोलीत, फरशीवर बसून.
तीच ओळ दर जानेवारीत पुन्हा उतरवलेली,
एका वर्षी कागद फाटेल इतकी दाबून,
एका वर्षी नुसतं 'तेच'.
चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात, भाजीच्या हिशेबाखाली:
'आज गोदीतून सरळ घरी आले. चहा मागितला.'
आमेनसुद्धा नाही.

'लिलीचा ताप' याला मात्र उत्तर आहे, दुसऱ्याच दिवशीचं:
'नाही.'
मग चार पानं कोरी.
पाचव्यावर पुन्हा दूध.

आमचा योनाथान अकरा महिने फोन उचलत नाही.
मी सोमवारी प्रार्थना करते, मंगळवारी देवावर रुसते.
काल भायखळा स्टेशनाबाहेरून वही आणली.
पट्टी सापडेना, बायबलच्या कडेने रेघ मारली,
जराशी वाकडी आली.
डावीकडे त्याचं नाव लिहिलं,
उजवीकडे बघत बसले.

सकाळी दूधवाल्याने बेल मारली.
अर्धा लिटर.
लिहून ठेवलं.