डावीकडची सीट

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सव्वानऊला,
ट्वीडकाठच्या बंद लोकर गिरणीमागे आम्ही जमतो.
क्लबाच्या तेवीस गाड्या. त्यातल्या चालणाऱ्या सोळा.
सोळातल्या परत येणाऱ्या किती, ते संध्याकाळी मोजायचं.

डूगल प्रिंगल, अध्यक्ष, गुरांचा निवृत्त डॉक्टर,
बॉनेटला कान लावून श्वास ऐकतो
चाळीस वर्षं गायींचा ऐकला तसा.
"खोकतेय," म्हणतो, "पण दूध देईल."
मार्सली थर्मासमधून चहा ओतते.
तिच्या नवऱ्याचे पाय तेवढे दिसतात गाडीखालून;
ती पायांशी बोलते, पाय हं हं करतात.

इथे कुणी कुणाला तब्येत विचारत नाही.
कार्ब्युरेटर कसा आहे, विचारतात.
उत्तर ज्याचं त्याला कळतं.

एकतीस वर्षं मी डावीकडे बसले.
डोक्याला रुमाल, मांडीवर नकाशा,
दाराच्या फटीतून आलेलं पाणी बुटात.
इनिस चालवायचा, मी सांगायचे:
पुलानंतर उजवीकडे, मग चर्च, मग फाटा.
सप्टेंबरात क्लबाची शोधाची शर्यत असते,
कोड्यांचा एक कागद, चोपन्न मैल.
कोणत्या पबच्या पाटीवरचा बोकड एकशिंगी?
कोणत्या थडग्यावर नांगर कोरलाय?
आम्ही शेवटचे. दरवर्षी.
डिसेंबरच्या जेवणात लाकडी पाना आमचा,
सगळ्यात जास्त भरकटलेल्यांचं बक्षीस.
अकरा वेळा. नाव कोरायला जागा उरेना
तेव्हा डूगलने पान्याला मागून फळी जोडली.

"हिला नकाशा कळत नाही," इनिस सगळ्यांना सांगायचा
माझ्यासाठी खुर्ची ओढता ओढता.

नकाशा मला चांगला कळतो.
चुकीचं वळण मी मुद्दाम सांगायचे.
घरी फोन होता, सासूबाईंच्या गोळ्या,
न्हाणीघराची ओल, न उघडलेली पाकिटं.
गाडीत सीट दोनच.
तिसरं काही आत शिरायला जागाच नव्हती.

फेब्रुवारीत इनिस गेला.
गाडीवर चादर घातली मी, त्याच्यावर घातली तशीच, काठ दुमडून.
क्लबातलं कुणी किमतीचा विषय काढला नाही.
गुरुवारी एकजण यायचा बॅटरी चार्ज करायला,
एकजण नुसताच यायचा, टायरला लाथ मारून जायचा.
मार्सलीने रद्दी आवरली, तेव्हा
डॅशबोर्डच्या कप्प्यातून त्याची पेट्रोलची वही निघाली.
बारीक अक्षर. तारीख, मैल, गॅलन.
आणि दर सप्टेंबरात, शर्यतीच्या आदल्या दिवशी:
टाकी पूर्ण. दोन डबे जादा.

दोन डबे.
चोपन्न मैलांना.

बेकरीतला स्ट्रूअन, एकोणीस वर्षांचा,
हाताला पीठ तसंच, एकदा दारात येऊन म्हणाला,
"उभी राहून मरेल ती, मिसेस रदरफर्ड."
त्यानेच मला उजवीकडे बसवलं.
चोक ओढायचा, धीर धरायचा, मग सोडायचा.
क्लचवर माझा पाय नवऱ्या मुलीसारखा लाजत होता,
गिरणीच्या फाटकाचा खांब अजून त्याची खूण दाखवतो.
पण मला कळलं, इनिसला इतकी वर्षं
माझा चेहरा कधीच नीट दिसत नसणार,
फक्त रुमालाचं टोक, फडफडणारं.

या सप्टेंबरात स्ट्रूअन डावीकडे.
मांडीवर नकाशा, खिशात थरथरणारा फोन.
त्याच्या घरी काय चाललंय ते गावाला ठाऊक आहे.
त्याने फोन बंद करून पायाशी टाकला.
मोरबॅटलच्या अलीकडे, दगडी कुंपण संपतं तिथे फाटा.
"डावीकडे," तो म्हणाला.

उजवीकडे जायचं होतं. डोळे झाकूनही सांगितलं असतं मी.

"नक्की?"
त्याने नकाशाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.
"नक्की."

मागे बूटमध्ये डबे एकमेकांवर आपटले.
गिअर टाकताना दात वाजले,
कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी मान वर करून पाहिलं
आणि पुन्हा खाली घातली.