हजार गज

आमच्या मताउरात हजार गज आता कुणी पळत नाही.
गज गेले, मैल गेले, शिलिंगसुद्धा गेलं,
राहिली ती क्लबाच्या शेडमधली पाटी:
महिला, हजार गज, नोलीन कॅडिगन,
दोन मिनिटं सव्वीस पूर्णांक चार, १९६७.
लोक म्हणतात, विक्रम अजून उभा आहे.
असणारच. त्याच्या वाटेला कोण गेलं?

यंदा वाइमारी म्हणाली, मी जाते.
परातांची पोर. बाप मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
आठशे संपतं तेव्हा हिचं अंग कुठं तापतं,
आणि पंधराशेला मधेच मन दुसरीकडे जातं.

म्हणून काल संध्याकाळी टेप घेऊन मी मैदानात.
नऊशे चौदा मीटर, वर चाळीस सेंटिमीटर.
दोन फेऱ्या वजा करा, उरतात एकशे चौदा,
म्हणजे सुरुवात शेवटच्या वळणाच्या पोटात,
जिथं गवत कायम ओलं
आणि पूर्वी मेंढ्या बसायच्या.
तिथं चुन्याची रेघ मारली, वळणासारखी वाकडी.
सायकलवरचा पोरगा म्हणाला, क्लेमआजोबा, चुकलात.

रात्री वही.
पहिल्या तुकड्याला अठरा, आणि वर थोडं.
मग चौसष्ट. मग पुन्हा चौसष्ट, जमलं तर.
टुई, मावसबहीण, पाचशेपर्यंत वारा अंगावर घेईल.
वारा दक्षिणेचा. तो बर्फावरून निघतो
आणि वाटेत कुणाकडे थांबत नाही,
त्याचे तीन दशांश धरले.
बेरीज आली सव्वीस पूर्णांक एक.
खोडलं. सव्वीस तीन.
पेन्सिलीनं. अंदाज शाईनं लिहिणारा माणूस
मी तरी पाहिलेला नाही.

सकाळी नोलीन चहाच्या टेबलामागे,
चीज रोलना लोणी लावत, सत्त्याहत्तर वर्षांची.
तुझा अंदाज? मी विचारलं.
तिनं बिलाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं,
चार घड्या घालून मस्टर्डच्या बाटलीखाली सारलं.
नंतर, म्हणाली.

शर्यत मी सांगत नाही. शर्यत डोळ्यांची असते.
एवढंच, की टुई चारशेलाच संपली,
बाजूला होऊन गुडघ्यांवर हात ठेवून ओरडत राहिली,
आणि वाइमारी पलीकडच्या सरळ रेषेत एकटी,
मान जरा डावीकडे,
जणू कुंपणापलीकडून कुणी हाक मारली.
घड्याळ थांबवलं. अंगठा दुखेपर्यंत दाबून धरलं.
सव्वीस पूर्णांक नऊ.

अर्धा सेकंद. म्हणजे काय असतं अर्धा सेकंद?
तीनेक पावलं.

नोलीननं बाटली उचलून चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.
त्यावर वेळ नव्हतीच.
*तेव्हा दोरी भिजली होती, क्लेम.*

माझ्या कानशिलं गरम झाली.
नऊ वर्षांचा होतो मी. दोरीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.
रात्रभर पाऊस झालेला, दोरी आखडून ताठ,
टोक खुणेपर्यंत पोचेना,
आणि माझा भाऊ म्हणाला, राहू दे, मार तिथंच खूण.
तेवढीच पावलं, बहुधा. त्याहून जास्तही.
सत्तावन्न वर्षं मला वाटत होतं,
ही गोष्ट फक्त मला आणि दोरीला ठाऊक आहे.

मी पाटीकडे पाहिलं. ती लोणी लावत होती.

तेवढ्यात वाइमारी आली, स्पाइक्स हातात,
पायाला चुना लागलेला.
किती कमी पडले?
अर्धा सेकंद, मी म्हणालो, आणि माझा आवाज
कुणा दुसऱ्याच माणसाचा निघाला.
ती थोडं हसली. पुढच्या वर्षी ठेवाल ना ही शर्यत?

नोलीननं तिच्या हातात एक रोल ठेवला,
गरम, कागदात गुंडाळून.
कागद तोच होता की दुसरा, मी पाहिलं नाही.
ठेवेल, ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून,
या वेळी दोरी नको, क्लेम.
टेपच आण.